टायमिंग चेनची प्रत्येक कडी वेगळी का धरतात?

प्रश्न : इंजिनातील टायमिंग चेनचे, म्हणजे क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचे, संगणकीय सिम्युलेशन करताना तिची प्रत्येक कडी स्वतंत्र वस्तू मानतात, असे वाचनात आले. साखळीतला ताणच काढायचा असेल, तर सगळी साखळी एक स्प्रिंग मानून काम भागणार नाही का?

उत्तर : ढोबळ अंदाजापुरते भागते. कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारे उंचवटे, म्हणजे कॅम, असलेला दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. व्हॉल्व उघडताना त्याच्या स्प्रिंगचा विरोध मोडण्यासाठी साखळी ओढली जाते, आणि व्हॉल्व मिटताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते, त्यामुळे ताण सैलावतो. हे चढउतार तुम्ही म्हणता तशा साध्या प्रतिमानातही (मॉडेलमध्येही) दिसतात.

त्यात दिसत नाही ते दात्यांपाशी घडणारे. साखळी स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, वर्तुळासारखी नव्हे, तर बहुभुजासारखी बसते, कारण कडी वाकत नाही, ती फक्त पिनांपाशी वळते. क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दाते असतील, तर क्रँक अगदी एकसारखा फिरत असतानाही साखळीचा वेग प्रत्येक दात्यागणिक सुमारे १.२ टक्क्यांनी कमीजास्त होतो. मिनिटाला ६००० फेरे होत असताना हा हिसका सेकंदाला २००० वेळा बसतो, शिवाय येणारी प्रत्येक कडी दात्यावर आदळते ती वेगळीच. साखळीचा कर्कश, किणकिणता आवाज येतो तो बराचसा इथूनच, आणि एका स्प्रिंगला दाते ठाऊकच नसतात.

म्हणून प्रत्येक कडीला वस्तुमान व जडत्व देतात, पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) यांच्या सांध्याला लवचीकपणा व अवमंदन (कंपने शमवण्याचा गुण) देतात, आणि कडी दात्याला किंवा गाइडला (साखळीला मार्गावर ठेवणाऱ्या पट्टीला) टेकली आहे की नाही, हे क्षणोक्षणी तपासतात. पोलादावर पोलाद आदळण्याचा काळ इतका अल्प असतो की गणिताचा टप्पा साधारण एक मायक्रोसेकंदाचा घ्यावा लागतो. वरच्या वेगाला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे त्या एका फेऱ्यासाठी १०,००० टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर शंभराहून अधिक कड्या!

एवढे करूनही उत्तर चुकते, आणि बहुधा चूक साखळीत नसून टेन्शनरमध्ये, म्हणजे साखळी ताणून धरणाऱ्या भागात, असते. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) टेन्शनरच्या प्लंजरभोवतीच्या (दट्ट्याभोवतीच्या) बारीक फटीतून तेल झिरपते, म्हणूनच साखळीचा झटका शोषला जातो. हे झिरपणे फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते : फट दुप्पट मानली, तर गळती आठपट. त्यात तेलात हवेचे बुडबुडे असले, तर टेन्शनर स्पंजासारखा दबतो. माझ्या मते, कड्यांचे तपशील वाढवत बसण्याआधी प्लंजरची हालचाल प्रत्यक्ष इंजिनावर मोजून गणिताशी ताडून पाहावी. ती जुळत नसेल, तर कडीन्‌कडी मांडलेल्या प्रतिमानापेक्षा तुमची एक स्प्रिंग फार वाईट ठरणार नाही.