पाय मोडलेला क् आणि पहिली प्लेसमेंट

प्रश्न : ताई, सांगली जिल्ह्यातल्या मराठी शाळेत मी आठ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आलो, आता प्राथमिकचं पीजीसीई, म्हणजे इथला शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम, करतेय. येत्या सोमवारपासून इयर वनच्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या, वर्गात पहिली प्लेसमेंट (शाळेतलं प्रत्यक्ष शिकवण्याचं प्रशिक्षण) आहे. माझ्या उच्चारांना मुलं हसतील का, या विचारानं झोप लागत नाही. नवरा म्हणतो, "तू आधीच शिक्षिका आहेस, तुला काय अवघड?" सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. त्या म्हणतात, "पगार नाही, वर फी भरायची, आणि दिवसभर घराबाहेर. हे कसलं काम?" मुलगा सात वर्षांचा आहे. तयारी काय करू? टिकली, मंगळसूत्र चालतं का?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझी पहिली प्लेसमेंट आठवली. मीही शिकवण्याचा अनुभव गाठीशी घेऊनच इथे आले होते. त्या अनुभवाचा आधार वाटायचा, आणि त्यापायीच मी पहिले तीन आठवडे कुणाला काही विचारलं नाही. आठ वर्षं शिकवलेल्या बाईनं "हे मला माहीत नाही" कसं म्हणायचं, हीच लाज. तुम्ही ते करू नका. तुम्ही तिथे विद्यार्थिनी म्हणून जाताय, आणि विचारायची मुभा तुम्हाला पुन्हा एवढी कधी मिळणार नाही.

आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो प्रश्न रास्त आहे. भारतातल्या शिक्षकांना २०२३ पासून इंग्लंडमध्ये क्यूटीएससाठी, म्हणजे शिक्षक म्हणून मान्यतेसाठी, थेट अर्ज करता येतो. पण तो रस्ता ११ ते १६ वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. प्राथमिकच्या बाईंना तो बंद आहे. त्यांच्यासाठी नेहमीचा रस्ता म्हणजे हे प्रशिक्षण, आणि त्यात किमान १२० दिवस शाळेत, तेही दोन वेगवेगळ्या शाळांत, काढावे लागतात. सासूबाईंना हे नीट बसून सांगा. "नंतर नोकरी लागेल" एवढ्यावर भागवू नका. हे १२० दिवस भरल्याशिवाय हे प्रशिक्षण पुरं होत नाही, हे एकदा कळलं की त्यांचा विरोध निम्मा होईल असं मला मनापासून वाटतं.

आता उच्चार. तुमच्या बोलण्याच्या ढंगाची अजिबात काळजी करू नका. तो बदलायची गरज नाही, आणि पाच-सहा वर्षांची मुलं दोन दिवसांत त्याला सरावतात. काळजी एकाच तासाची घ्या : फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याच्या तासाची. इयर वनमध्ये तो रोज असतो, आणि वर्षाच्या शेवटी, जूनमध्ये, प्रत्येक मूल शिक्षिकेसमोर एकेकटं बसून ४० शब्द वाचतं. त्यातले २० खरे आणि २० मुद्दाम बनवलेले, काहीच अर्थ नसलेले. पाठांतर चालू नये, मुलानं अक्षरांचे आवाज जोडूनच वाचावं, म्हणून.

इथे आपली जीभ अडते. आपण क, ख, ग शिकलो ते पोटातल्या अ-सकट. "कॅट" सुटा करताना तुम्ही "क... ॲ... ट" म्हणालात की मुलाला दोन जादा अ ऐकू येतात, आणि ते जोडायला गेलं की शब्द हाती लागत नाही. त्याला हवं असतं क्, ॲ, ट्. मेंटर, म्हणजे प्लेसमेंटच्या शाळेत तुम्हाला मार्गदर्शन करणारी शिक्षिका, तुम्हाला "शुद्ध आवाज काढा" असं सांगेल आणि कदाचित ते कळणार नाही. पण हे तुम्हाला येतं! पाय मोडलेलं अक्षर तुम्ही आठ वर्षं फळ्यावर काढलंय. क् अधिक अ म्हणजे क, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. माझ्याबरोबरच्या मुली "म"च्या शेपटीतला अ काढायला आठवडेच्या आठवडे झगडत होत्या. मला ओठ मिटून "म्म्म्" म्हणायचं एकदा उमगलं आणि सुटलं. म्, स्, फ्, न् लांबवता येतात. क्, ट्, प् लांबवता येत नाहीत, ते टिचकीसारखे तोडायचे.

दोन गोष्टी मात्र खरंच नव्या आहेत. "थिन" आणि "देन" यांच्या सुरुवातीचे आवाज आपल्या थ-द सारखे नाहीत. जिभेचं टोक दातांच्या मधे किंचित बाहेर येतं आणि हवा घासत जाते. आणि आपला व. "व्हॅन"साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, "वेट"साठी ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. पहिल्या आठवड्यातच मेंटरला सांगा, "हे चार आवाज माझ्याकडून ऐका." ती ऐकेल, आणि तुम्ही स्वतःहून विचारलंत हे लक्षात ठेवेल.

मेंटरच्या बोलण्याबद्दल एक. इथली माणसं सूचना फार मऊ करून देतात. "पुढच्या वेळी मुलांना गालिच्यावर जरा कमी वेळ बसवून बघता येईल" असं ती म्हणाली, तर ते बदलायचंच आहे. आपल्याला सरळ ऐकायची सवय, त्यामुळे आपण ते "जमलं तर" या खात्यात टाकतो. त्याच दिवशी वहीत लिहा आणि पुढच्या तासाला करून दाखवा.

वर्गातल्या टीए बाईंना, म्हणजे शिक्षिकेच्या मदतनीस बाईंना, मान द्या. कुठलं मूल सकाळी रडतं, कुणाला आवाजाचा त्रास होतो, हे त्यांना ठाऊक असतं. पहिले काही दिवस बरंचसं बघण्यातच जातील. तेव्हा सगळंच बघत बसू नका, रोज एकच गोष्ट धरा. एक दिवस फक्त हे बघा की ३० मुलं गालिच्यावरून टेबलावर कशी जातात, शिक्षिका कुठे उभी राहते, कोणता शब्द वापरते. आपल्याकडे "चूप बसा" म्हटलं की भागतं. इथे प्रत्येक शाळेची ठरलेली खूण असते, आणि ती सगळ्यांनी तशीच वापरायची असते.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पहिल्याच दिवशी वाचायला देतील. ते चाळू नका, वाचा. मूल काही गुपित सांगू लागलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी सेफगार्डिंगची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला सांगायचं. लाडानं गाल ओढणं नको. फोन लॉकरमध्ये. आणि घरच्या ग्रुपवर "सूनबाईंची शाळा" म्हणून वर्गाचा फोटो जाता कामा नये, मुलं त्यात नसली तरी. त्यांची नावं भिंतीवर लावलेली असतात.

डब्याचंही सांगते, कारण मी स्वतः चुकले होते. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले, दाण्याचं कूट घातलेली. डबा उघडला आणि शेजारच्या बाईंनी हळूच माझा हात धरला. आमच्या वर्गातल्या एका मुलीला शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी होती, शाळेत दाणे आणायलाच बंदी होती, आणि तो कागद मी वाचलेला नव्हता. काही झालं नाही, पण त्या दिवशी मी दहा वेळा तरी हात धुतले. तेव्हा चटणी, लाडू, चिक्की घरीच. संक्रांतीला तिळगूळ वाटावासा वाटेल, पण तीळही इथल्या ॲलर्जीच्या १४ पदार्थांच्या यादीत आहे. आधी विचारा.

आता घर, आणि हे तुमच्या यजमानांनी वाचावं. अवघड आहे. आठच्या सुमारास शाळेत, पाचपर्यंत तिथे, रात्री पाठाचं टाचण. डिसेंबरात चारला अंधार पडतो आणि माणूस आधीच थकलेला असतो. मुलाला शाळेत सोडायचं आता तुमच्याकडे घ्या, "मदत" म्हणून नव्हे, तुमचं काम म्हणून. आणि एक गोष्ट या रविवारीच ठरवा. मुलाला उलट्या झाल्या तर शेवटच्या उलटीनंतर ४८ तास शाळा त्याला घेत नाही. ते दोन दिवस घरी कोण राहणार? सासूबाई आहेत तोवर निभेल, त्या परतल्यावर काय? सकाळी सहा वाजता बादली हातात घेऊन हा वाद घालू नये.

टिकली जरूर लावा. मुलं विचारतील, छान सांगा. मंगळसूत्र आखूड असेल तर कपड्याच्या आत असू द्या. लांब नको, छोटी मुलं धरून ओढतात. शाळेच्या ओळखपत्राची दोरीसुद्धा ओढल्यावर सुटणारी असते, ती याचसाठी. पीटीच्या तासाचा नियम शाळेला विचारा.

आणि रविवारी संध्याकाळी सासूबाईंना समोर बसवा. तुम्ही क्, ट्, प्, म् म्हणा, आणि मागे अ आला की त्यांनी बोट वर करायचं. त्यांचा कान तुमच्यापेक्षा तिखट निघेल. नातवालाही खेळात घ्या.