कॅलेथियाची पानं कडेने करपतायत, पाणी वाढवू का?

पाणी वाढवू नका. तुम्ही लिहिलंय की गोरेगावला नवव्या मजल्यावर राहता, जानेवारीत नर्सरीतून कॅलेथिया आणली, बेडरूममध्ये रात्रभर एसी असतो, सोसायटीच्या टाकीत पालिकेच्या पाण्याबरोबर टँकरचंही पाणी पडतं, आणि माती ओलसर असूनही कडा तपकिरी, कुरकुरीत होतायत. माती ओली असताना कडा वाळतायत, म्हणजे कुंडीत पाणी कमी नाही. आणखी ओतलंत तर मुळं कुजतील आणि झाड हातचं जाईल.

माझा पहिला संशय टँकरवर. पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांचं, म्हणजे साठवलेला पाऊसच. त्यात क्षार कमी. टँकरचं पाणी बहुधा विहिरीचं किंवा बोअरचं, म्हणजे जास्त क्षारांचं. कॅलेथिया मूळची दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतली. मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्यात, पावसाच्या पाण्यावर वाढणारी. क्षार तिला सोसत नाहीत. मुळांनी ओढलेलं पाणी पानातून उडून जातं, क्षार मागे राहतात आणि कडेला, टोकाला साचतात. म्हणून करपणं तिथूनच सुरू होतं. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर दिसतोय का बघा. दिसला तर कुंडी बाथरूममध्ये नेऊन तिच्या आकारमानाच्या दुप्पट चांगलं पाणी सावकाश ओता आणि पूर्ण निथळू द्या.

हे चांगलं पाणी आणायचं कुठून? घरी आरओ असेल तर त्याचं प्यायचं पाणी द्या. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र देऊ नका. फेकवत नाही म्हणून ते आपल्याकडे हमखास झाडांना जातं, पण टाकीतल्या पाण्यातले क्षार त्यातच एकवटलेले असतात. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बरं. ते हवेतल्या वाफेचं, जवळजवळ क्षार नसलेलं. स्वच्छ बादलीत धरा आणि साचवून न ठेवता वापरा. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, खिडकीबाहेर बादली ठेवायची.

दुसरं कारण हवा. मुंबई दमट म्हणून आपण निर्धास्त असतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचे जमिनीवरचे वारे जोर धरतात, समुद्राचा वारा उशिरा पोचतो आणि दुपारची हवा चांगलीच कोरडी होते. त्यात रात्री एसी उरलीसुरली ओल काढून घेतो. म्हणजे तुमच्या झाडाला दिवसरात्र सुटका नाही. कुंडी बेडरूममधून हलवा, हॉलमध्ये इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवा. पानांवर पाणी फवारण्याचा परिणाम काही मिनिटांपुरताच असतो, त्यावर विसंबू नका. कुंडीखाली खडे आणि पाणी घातलेली ताटली ठेवा, असं सगळीकडे वाचाल. निदान मुंबईत तरी मी ते कुणाला सांगणार नाही. फायदा नाममात्र, आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास आठवड्याभरात तयार होतो. त्यासाठीच पालिकेची माणसं घरोघरी कुंड्यांखालच्या ताटल्या बघतात.

खिडकीपासून तीन-चार फुटांवर, दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येईल इतका उजेड पुरतो. पश्चिमेचं थेट ऊन नको, त्याने पान मधूनच भाजतं. रात्री पानं उभी होतात याने घाबरू नका. देठ आणि पान जोडणाऱ्या फुगीर सांध्यातल्या पेशींत पाण्याचा दाब बदलतो, त्यामुळे ती रोज मिटतात आणि सकाळी पसरतात. हे झाड मला इतकं आवडतं ते यासाठीच. भरदिवसाही पानं सुरळीसारखी गुंडाळलेली दिसली, तर मात्र मातीत बोट घाला: वरचा इंचभर थर सुकला असेल तरच पाणी.

नर्सरीची चिकट लाल माती असेल तर आताच बदलून टाका, उन्हाळ्याच्या तोंडाला झाड ते सहज सोसतं. मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), एक भाग गांडूळखत घेते. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यातही मीठ असतं. नवी कुंडी आधीच्यापेक्षा फार मोठी नको.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होणार नाही. कात्रीने कापा, पण तपकिरी कडेची बारीक रेघ राहू द्या. हिरव्यात कापलंत तर तिथून पुन्हा वाळतं. सुधारणा जुन्या पानांवर शोधू नका, यापुढे उलगडणाऱ्या पानांवर बघा. पाणी आणि जागा बदलूनही नवी पानं करपली, तर पानामागे बॅटरीचा उजेड टाका. बारीक जाळी आणि ठिपक्यांएवढे हलणारे किडे दिसले तर ते लाल कोळी. कोरड्या हवेत ते झपाट्याने वाढतात. पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसा, दर पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात कडुनिंबाचं तेल मिसळून फवारा, आणि तोवर ही कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा.