जुन्या साथींकडून आज कोकणातल्या गावांनी काय शिकावं?

माझ्या मते एकच गोष्ट: धाक दाखवला की लोक आजार लपवतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून आपापल्या गावी पळाली. १८९७ चा साथरोग कायदा आला, पुण्यात सोजीर (गोरे शिपाई) रोगी शोधायला घरझडती घेत देवघरापर्यंत शिरले. मग घरोघर रोगी दडवले गेले. त्याच वर्षी शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. विश्वास असा कमवावा लागतो.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत चाकरमानी परतले तेव्हा आपण काय केलं? काही वाड्यांनी वाट अडवली, काहींनी शाळेत सोय करून दोन वेळची पेज पोचवली. जिथे पेज मिळाली तिथे कोण ताप लपवेल?

आणि हो, साथ दरवेळी मुंबईहूनच येते असं नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ साली माकडताप आला तो गोचिडींतून, काजूच्या बागांजवळच्या जंगलातला. तिकडे मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता लगेच आरोग्य केंद्रात कळवा.