कंपनीने सर्व्हर बंद केला तर घरातले स्मार्ट प्लग (मोबाईलवरून चालू-बंद होणारे) वाया जातात का?

नाही, आत ईएसपी८२६६ ही वायफाय चिप असेल तर टास्मोटा नावाचं फुकट ओपन सोर्स फर्मवेअर (म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) टाकून तोच प्लग कंपनीच्या सर्व्हरशिवाय घरच्या वायफायवर मस्त चालतो. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे बोर्ड आणून हेच करतो म्हणून सांगतोय. ही स्वस्त चिप २०१४ मध्ये आली, हौशी लोकांनी तिच्यासाठी कोड लिहून सगळ्यांना खुला केला, आणि पुढे २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनीच एकत्र येऊन मॅटर हे स्मार्ट उपकरणांसाठीचं सामायिक स्टँडर्ड आणलं, त्याचाही कोड खुला आहे, ही खरंच मोठी गोष्ट आहे. फक्त बऱ्याच नवीन प्लगमध्ये दुसरीच चिप असते, तिथे टास्मोटा चालेलच असं नाही, म्हणून आधी उघडून चिपवरचा नंबर वाचा आणि उघडलेला प्लग सॉकेटमध्ये अजिबात लावू नका, २३० व्होल्टचा झटका बसेल.