‘सवय लागली’ की ‘सवय लावली’? कंडिशनिंगसाठी मराठी शब्द

प्रश्न असा आहे: डिस्टोपियन, म्हणजे दुःस्वप्नासारख्या काल्पनिक राजवटींच्या, कादंबऱ्यांवर मराठीत लिहिताना ‘सोशल कंडिशनिंग’ला (समाजाने माणसाच्या मनाला ठरावीक वळण लावण्याला) ‘सामाजिक संस्कार’ म्हणावे का, आणि ‘इंडिव्हिज्युअ‍ॅलिटी’साठी ‘व्यक्तिमत्त्व’ चालेल का?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर पहिला शब्द फार जपून वापरावा आणि दुसरा टाळावा. पण या विषयात मराठीची खरी ताकद नामांपेक्षा क्रियापदांत आणि सर्वनामांत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दर्शनशास्त्रात संस्कार म्हणजे अनुभवाचा मनावर उरलेला ठसा. तो चांगला की वाईट, हे त्या शब्दात येत नाही, आणि या अर्थाने तो कंडिशनिंगच्या अगदी जवळ आहे. अडचण रोजच्या मराठीत येते. ‘त्याच्यावर संस्कारच नाहीत’ ही तक्रार असते आणि ‘संस्कारी’ ही स्तुती. ‘वाईट संस्कार’ म्हणताना ‘वाईट’ वेगळे जोडावे लागते. विशेषण काढले की शब्द आपोआप चांगल्या बाजूला झुकतो. आता ऑल्डस हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधला (१९३२) प्रसंग घ्या. जन्माआधीच वर्ग ठरवून मुले घडवणाऱ्या सरकारी केंद्रात खालच्या डेल्टा वर्गाची आठ महिन्यांची बाळे पुस्तकांकडे आणि फुलांकडे रांगत जातात. त्यांनी हात लावला की भोंगे आणि घंटा कर्कश वाजू लागतात, मग जमिनीतून विजेचा धक्का बसतो. हाच धडा दोनशे वेळा दिला की पुस्तक आणि फूल या दोन्हींचा तिटकारा जन्मभर टिकतो. निवेदनात याला ‘संस्कार’ म्हटले, तर वाचक नकळत त्या केंद्राच्या संचालकाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. म्हणून तो शब्द संचालकाच्याच तोंडी द्यावा. ‘आम्ही बालकांवर संस्कार करतो’ हे वाक्य त्याच्या तोंडी अंगावर काटा आणते, कारण त्याला ते मनापासून खरे वाटते. निवेदकाने मात्र त्यापासून दूर राहावे.

मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत कंडिशनिंगसाठी ‘अभिसंधान’ रूढ आहे: अभिजात अभिसंधान, साधक अभिसंधान. संधान म्हणजे जोडणे. ‘शरसंधान’मध्ये बाण दोरीला जोडला जातो, तसा इथे उद्दीपक प्रतिसादाला जोडला जातो. कुत्र्यांवर हे प्रयोग करणारा रशियन शास्त्रज्ञ पाव्लॉव्ह याच्या मूळ रशियन संज्ञेचा अर्थ ‘सशर्त’, म्हणजे अटीवर अवलंबून असलेला प्रतिक्षेप (आपोआप होणारी प्रतिक्रिया). इंग्रजीत येताना ‘कंडिशनल’चे ‘कंडिशन्ड’ झाले आणि कुणीतरी घडवून आणल्याची छटा शब्दाला चिकटली. डिस्टोपियाला नेमकी हीच छटा हवी असते. हक्सलीने त्या खोल्यांना पाव्लॉव्हचेच नाव दिले आहे, त्यामुळे बाळांच्या प्रसंगाचे विश्लेषण करताना ‘अभिसंधान’ अचूक बसतो. पण कथेच्या ओघात तो जड होतो, आणि भोंगा किंवा धक्का नसलेल्या प्रकारांना, उदाहरणार्थ जॉर्ज ऑरवेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मधल्या राजवटीत भाषेतले शब्दच कमी करत जाण्याला, तो लागूही पडत नाही. ‘अनुकूलन’ मात्र नको. मराठीत तो जीवशास्त्रातला शब्द आहे. जीव परिस्थितीशी स्वतः जुळवून घेतो, असा त्याचा अर्थ होतो आणि करणारा हात दिसेनासा होतो. ‘सामाजिकीकरण’ प्रत्येक समाजात प्रत्येक मुलाचे होतच असते, त्यामुळे त्यात कारस्थानाचा भाग येत नाही.

आता क्रियापदे. मराठीत एकाच घटनेची दोन रूपे सहज मिळतात: सवय लागणे आणि लावणे, मनावर बिंबणे आणि बिंबवणे, रुजणे आणि रुजवणे, भिनणे आणि भिनवणे, अंगवळणी पडणे आणि पाडणे. पहिल्या रूपात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात कुणीतरी ती घडवतो. कंडिशनिंग यशस्वी होणे म्हणजे ‘लावलेली’ सवय माणसाला ‘लागलेली’ वाटणे. इंग्रजीत यासाठी वाक्याची रचना बदलावी लागते. मराठीत एखादे अक्षर पुरते.

हक्सलीच्या लेनिनाचे उदाहरण घेऊ. लहानपणी झोपेत ऐकलेली वचने ती प्रसंगाप्रसंगाला म्हणून दाखवते. त्याबद्दल तीन वाक्ये लिहून पाहा:

ती वचने तिच्या मनावर बिंबली होती.
ती वचने त्यांनी तिच्या मनावर बिंबवली होती.
ती वचने तिच्या मनावर बिंबवण्यात आली होती.

पहिले वाक्य लेनिनाच्या नजरेतून आले आहे: वचने तिचीच आहेत, कुठून आली हा प्रश्न तिला पडत नाही. दुसरे जाग्या, सावध निवेदकाचे आहे. तिसरे राजवटीच्या अहवालातले: काम झाल्याचे त्यात मान्य आहे, पण करणाऱ्याचे नाव गाळले आहे. मराठी अनुवादांत हे तिसरे रूप वारेमाप येते, कारण इंग्रजी कर्मणी वाक्य दिसले की हात ‘-ण्यात आले’कडे वळतो. परिणामी पात्राचे मनोगतही सरकारी पत्रकासारखे वाचले जाते. आधी ठरवावे की हे कुणाच्या नजरेतून चालले आहे. रूप मग आपसूक सुचते.

क्रियापद निवडताना आणखी एक कसोटी उपयोगी पडते: आपल्यावर काही केले जात आहे, हे त्या माणसाला कळते आहे का? ‘माथी मारणे’ आणि ‘लादणे’ यांत त्याला कळते आणि त्याचा विरोधही असतो. ‘गळी उतरवणे’मध्ये तो आधी नाही म्हणतो, शेवटी मान्य करतो. ‘पढवणे’मध्ये आपल्याला पढवले गेले हे त्याला ठाऊक असते. ‘घोकून घेणे’साठी तो निदान जागा हवा. झोपेतल्या धड्यांना यांतले एकही चालत नाही. तिथे एकच वाक्य रात्री १०० वेळा, आठवड्यातून ३ रात्री, ४ वर्षे ऐकवले जाते. गुणाकार ६२,४०० येतो, आणि इतक्या आवृत्त्यांनी एक सत्य तयार होते असा हिशेब कादंबरीतच आहे. याला ‘बिंबवणे’ किंवा ‘भिनवणे’ हवे. दोघांतही फरक आहे. बिंबते ते मनावर, शब्दांच्या रूपात. भिनते ते अंगात, विषासारखे किंवा नशेसारखे. बाटलीतल्या गर्भाला रसायने देऊन केलेल्या बदलांसाठी आणि ‘सोमा’ या नशेच्या गोळ्यांसाठी मी ‘भिनवणे’ राखून ठेवीन.

याच कसोटीवर ब्रेनवॉशिंग वेगळे काढता येते. इंग्रजीत तो शब्द १९५० मध्ये आला, म्हणजे ऑरवेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) प्रसिद्ध झाल्यानंतर. तिचा नायक विन्स्टन स्मिथ प्रौढ आहे, त्याला आठवणी आहेत, मते आहेत. ती मोडून काढावी लागतात. लेनिनाच्या बाबतीत मोडण्यासारखे काही तयारच होऊ दिलेले नाही. दोन्हींना सरसकट ‘मनावर ताबा मिळवणे’ म्हटले की या कादंबऱ्यांमधला सर्वांत महत्त्वाचा फरक पुसला जातो.

आता ‘इंडिव्हिज्युअ‍ॅलिटी’. व्यक्तिमत्त्व म्हणजे पर्सनॅलिटी: स्वभाव, वागणे, छाप. हिंदीत त्यासाठी ‘व्यक्तित्व’ वापरतात. मराठीत ‘व्यक्तिमत्त्व’ ते काम करतो, म्हणून ‘व्यक्तित्व’ इंडिव्हिज्युअ‍ॅलिटीसाठी मोकळा राहतो. त्याचा लाभ घ्यावा. लेखनात मात्र गफलत होते. व्यक्तिमत् + त्व म्हणून व्यक्तिमत्त्वात दोन त येतात. व्यक्ति + त्व म्हणून व्यक्तित्वात एकच. स्व + त्व म्हणून ‘स्वत्व’ही एकाच त-चे. आणि सुटा शब्द ‘व्यक्ती’ दीर्घ असला, तरी व्यक्तित्व, व्यक्तिवाद, व्यक्तिस्वातंत्र्य यांत ‘ति’ ऱ्हस्वच.

हा फरक केवळ शुद्धलेखनाचा नाही. हक्सलीच्या जगात सर्वांत वरच्या अल्फा वर्गातल्या मंडळींना व्यक्तिमत्त्व आहे: बर्नार्ड ठेंगणा आणि कुढा, हेल्महोल्ट्झ देखणा आणि सर्वांचा लाडका. व्यक्तित्वाची जाणीव मात्र फार थोड्यांना आहे, आणि त्या जाणिवेमुळेच हे दोघे मित्र होतात. ती जाणीव मराठीत आणताना ‘आपण व्यक्ती आहोत हे त्यांना ठाऊक होते’ असे लिहिले तर वाक्य पडते. ‘चार व्यक्ती आल्या’ असे आपण रोज म्हणतो. व्यक्ती असणे ही कुणाला जाणीव वाटत नाही. इंडिव्हिज्युअल या लॅटिनमूळ शब्दात ‘ज्याचे तुकडे होत नाहीत’ असा अर्थ आहे. व्यक्तीच्या मुळाशी ‘उघड होणे, प्रकट होणे’ आहे, आणि तोही आता झिजला आहे. अशा ठिकाणी नाम सोडून द्यावे आणि ‘आपण कुणातले एक नाही, आपण आपणच आहोत’ असे सरळ लिहावे.

त्याच कादंबरीतल्या राज्याच्या ‘कम्युनिटी, आयडेंटिटी, स्टेबिलिटी’ या ब्रीदवाक्यातली ‘आयडेंटिटी’ आणखी फसवी आहे. तिचे मराठी ‘ओळख’ किंवा ‘अस्मिता’ केले तर अर्थ उलटा होतो. एका बीजापासून ९६ पर्यंत जुळी तयार करणाऱ्या राज्याला तिथे अगदी एकसारखे असणे अभिप्रेत आहे, म्हणून ‘एकरूपता’ हवे. ‘अस्मिता’ तर नकोच: अस्मि म्हणजे ‘मी आहे’, पण आजच्या वापरात तो शब्द बहुतेक वेळा एखाद्या गटाच्या अभिमानासाठी येतो.

ऑरवेलच्या न्यूस्पीकमध्ये, म्हणजे राजवटीने घडवलेल्या भाषेत, व्यक्तिवादाला आणि विक्षिप्तपणाला मिळून एकच तुच्छतादर्शक शब्द आहे, ‘ओनलाइफ’. ‘स्वजीवन’ त्यासाठी फार सात्त्विक वाटतो. मराठीत ‘आप-’ने सुरू होणाऱ्या शब्दांपैकी आपमतलबी आणि आपस्वार्थी यांत दोषारोप आधीपासूनच मुरलेला आहे. त्यावरून ‘आपजगणे’ असा शब्द बनवला, तर तो आखूडही होतो आणि तिथल्या सत्ताधारी पक्षाला हवा तसा वाईटही वाजतो. ‘आपलेपणा’चा अर्थ मात्र याच्या अगदी विरुद्ध, जिव्हाळ्याचा.

आणि मग सर्वनामे, जिथे मराठी अनुवादकाला सर्वांत जास्त वाव आहे. झम्यातिनच्या १९२०–२१ मध्ये लिहिलेल्या कादंबरीच्या रशियन नावाचा अर्थ इंग्रजीत ‘वुई’. मराठीत ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘आम्ही’तून ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो ओढून घेतला जातो. तिचा नायक द-५०३ आपल्या नोंदी परग्रहावरच्या अज्ञात वाचकांसाठी लिहितो, म्हणून शीर्षक ‘आम्ही’ हवे. पण राज्य आपल्या नागरिकांशी बोलते तेव्हा ‘आपण’. (‘डी-५०३’ऐवजी ‘द-५०३’ अशासाठी, की त्या जगात पुरुषांना व्यंजन आणि विषम आकडा, स्त्रियांना स्वर आणि सम आकडा असतो. ‘ओ-९०’ या स्त्रीपात्राच्या नावाशेजारी सुटे व्यंजन ठेवले की ते डोळ्यांना दिसते.)

आयन रँडच्या ‘अँथम’मध्ये (१९३८) ‘मी’ हा शब्दच नष्ट झाला आहे. नायक स्वतःलाही ‘वुई’ म्हणतो. इथे ‘आम्ही’ धोक्याचे ठरते, कारण एकटा माणूस स्वतःला ‘आम्ही’ म्हणाला की मराठी वाचकाला राजा किंवा आढ्यतेखोर माणूस दिसतो, आणि हवा असतो तो ‘मी’ हरवलेला माणूस. उपाय व्याकरणातच आहे. पुरुष बोलत असेल तर ‘लिहितो’, ‘गेलो’, ‘होतो’ ही रूपे मी आणि आम्ही या दोन्हींना सारखीच आहेत. सर्वनाम गाळले की एकवचन-अनेकवचन कळतच नाही. वचन उघडे पडते ते ‘आहे–आहोत’ आणि ‘जाईन–जाऊ’ अशा जोड्यांत. तेव्हा सुरुवातीची प्रकरणे शक्य तेवढी सर्वनामाविना चालवावी आणि जिथे वचन लपत नाही तिथे ‘आहोत’, ‘जाऊ’ ठेवावे. अकराव्या प्रकरणात त्याला ‘मी’ सापडतो, तेव्हा ‘आहे’ आणि ‘जाईन’ पहिल्यांदा उमटतात.

स्त्रीपात्राच्या बाबतीत बदल याहून खोल जातो. स्त्री एकवचनात ‘करते’, ‘गेले’ म्हणते. अनेकवचनात ‘करतो’, ‘गेलो’, म्हणजे ‘आम्ही’मध्ये तिचे लिंगही नाहीसे होते. या कादंबरीतली नायिका आधी ‘वुई’ वापरून प्रेम व्यक्त करते आणि काहीतरी कमी पडते आहे हे तिला जाणवते. मराठीत तिथे ‘तुमच्यावर प्रेम करतो’ असे लिहावे. ‘आपण’ इथे बसतच नाही, कारण त्यात ऐकणाराही आला. पुढे तिला ‘मी’ मिळतो, तेव्हा ‘मी तुझ्यावर प्रेम करते’. ‘तुमच्यावर’चे ‘तुझ्यावर’ झाले की वाचकाला ते जवळीक म्हणून जाणवते; ‘करतो’चे ‘करते’ मात्र त्याच्या नजरेतून निसटू शकते, म्हणून त्या वाक्याला स्वतंत्र ओळ द्यावी.