माळ घातली की दारू सुटते का?

तुम्ही विचारलंय: नवरा सकाळपासून पितो, हात थरथरतात, सासूबाई म्हणतात पंढरपूरला नेऊन माळ घाला, भाऊ म्हणतो व्यसनमुक्ती केंद्रात टाका, तर देवाधर्माने दारू खरंच सुटते का?

ताई, आधी त्या थरथरणाऱ्या हातांचं बघू, माळेचं नंतर.

ज्याला उठल्या उठल्या घोट लागतो, त्याच्या शरीराला दारूची सवय झालेली असते. अशा माणसाने विठोबापुढे शपथ घेऊन एका दिवसात बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात. ताप, घाम, रात्रभर बडबड. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. आमचे मिस्टर चादरीवरून किडे वेचत होते. किडे नव्हतेच. एकेक चिमटीत धरायचे, नीट उशीखाली ठेवायचे, परत पुढचा. घरात ठरलं होतं की हे बाहेरचं आहे, लिंबू उतरवायला हवं. शेजारचे काका पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांनी ओळखलं आणि रिक्षा बोलावली. नाहीतर मीही देवऋष्याच्या दारात बसले असते.

म्हणून पहिले दिवस डॉक्टरांचे. हे दिवस औषधांवर निभावून नेता येतात. थायमिन, म्हणजे बी-वनचं इंजेक्शनही देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते फार कमी उरतं आणि त्याअभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. 'अशक्तपणा आहे' एवढंच सांगून ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. किती पितो, शेवटची कधी घेतली, सगळं स्पष्ट सांगा.

आता माळ. मी माळकरी घरातली मुलगी, मी तिची थट्टा करणार नाही. उलट तिचा एक फायदा डॉक्टरांच्या चिठ्ठीला नाही. 'डॉक्टरांनी नको सांगितलंय' म्हटलं की मित्र म्हणतात, एक घे रे, काही होत नाही. 'माळ आहे' म्हटलं की तोच मित्र ग्लास मागे घेतो. संध्याकाळी सात ते नऊ हा बाहेर पडायचा वेळ भजनात जातो. बसण्याउठण्यातली माणसं बदलतात. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारू सोडा म्हणून गावंच्या गावं हलवली, ती काय उगीच?

पण माझ्या माहेरच्या गल्लीत एक काका होते. प्यायला निघाले की माळ काढून देवघराच्या खिळ्याला अडकवायचे, परत आले की आंघोळ करून गळ्यात. देवाला फसवल्याचं त्यांच्या मनातही नसायचं, त्यांच्या लेखी तो शिस्तीचा भाग होता! श्रावणाचंही तसंच. गटारीला भरपूर, मग महिनाभर कडक, आणि गणपती विसर्जनाच्या रात्री पुन्हा सुरू. बायको म्हणते, श्रावणात सोडतो म्हणजे मनावर घेतलं तर सुटेल. तो महिना निघतो कारण त्याला शेवट आहे. 'आता कधीच नाही' याला शेवट दिसत नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी भरवलेल्या मीटिंगा. त्यांनी हे ओळखलं आणि 'फक्त आजचा दिवस' एवढंच धरलं. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघेही अट्टल पिणारे. त्यातून ही चळवळ निघाली. दारूपासून दूर राहण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांत देव येतो, पण 'आम्हाला उमगला तसा देव', कारण सुरुवातीच्या सभासदांत नास्तिकही होते आणि ते अडून बसले. आमच्याकडच्या मीटिंगला शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून माणसं बसतात. कोणाचा विठ्ठल, कोणाचा येशू. एक निवृत्त मास्तर सांगतात की माझी श्रेष्ठ शक्ती म्हणजे तुम्ही समोर बसलेले बेवडे. चालतं. मास्तर अजून कोरडे आहेत. हे नुसतं भाबडेपण नव्हे: कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले, आणि पूर्ण दारूबंद राहण्यात या पायऱ्यांचा कार्यक्रम इतर मान्य उपचारांइतका किंवा त्याहून थोडा सरस दिसला.

माझं मत विचाराल तर अध्यात्माचं खरं काम दारू सुटल्यावर सुरू होतं. पीत असताना माणसाला काही टोचत नाही. सुटली की उधारी दिसते, तुटलेली नोकरी दिसते, समोरून न बोलता जाणारी मुलगी दिसते. झोप येत नाही. हे दुःख बधिर करायलाच पुन्हा बाटली आठवते. बारा पायऱ्यांत आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करायची असते. मिस्टरांनी मुलीच्या जुन्या वहीत यादी केली. मला वाटलं, पहिलं नाव तिचं असेल. पहिलं नाव होतं गल्लीतल्या टेलरचं, त्याची शिलाई बुडवली होती. ते पैसे देऊन आल्यावर कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले. मुलीचा नंबर खूप उशिरा लागला, आणि तिने लगेच माफही केलं नाही. तिची बाजू बरोबरच होती.

एका प्रकारच्या अध्यात्माचा मात्र मला तिटकारा आहे. 'मागच्या जन्मीचे भोग आहेत, तू सोस.' असं बायकोला सांगणारा महाराज असो की मावशी, तिथून उठा. तो मारत असेल तर आधी तुमची आणि मुलांची सोय बघा, जप नंतर.

पेपरात 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती येतात. ती पूड भाजीत घालू नका. अशा पुड्यांत काय असेल सांगता येत नाही. डायसल्फिरम नावाचं, दारूशी न पटणारं औषध असेल आणि त्यावर त्याने दारू घेतली, तर धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं, जिवावरही बेतू शकतं. ते औषध त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. भाऊ म्हणतात ते केंद्र आधी जाऊन बघा: नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का. उचलून नेतो, बांधून ठेवतो म्हणणारे नकोत. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. ते तुम्हाला लांब पडत असेल तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारा, फोन मोफत आहे.

आणि अल-अनॉन म्हणून घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते. तो तयार होईपर्यंत थांबू नका, तुम्ही एकट्या जा. मी मिस्टरांच्या आधी जायला लागले होते.

सासूबाईंना नाही म्हणू नका. म्हणा, माळ घालू, पण डिस्चार्ज झाल्यावर, आणि त्यांनी स्वतः मागितली तर. आमच्या सासूबाई अजून सांगतात की पांडुरंगाने सोडवली. मी त्यांच्यासमोर डॉक्टरांचं नाव काढत नाही.