विड्या वळून पाठीच्या मध्यभागी वारंवार दुखतं, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत घरी दिवसाला हजारभर विड्या वळता, संध्याकाळी खांद्याच्या दोन्ही पात्यांच्या मध्ये पाठ भरून येते, गोळी घेतली की आठ दिवस बरं आणि मग पुन्हा तेच. गोळी दुखणं दाबते, पण विड्या वळायचं सूप दुसऱ्या दिवशी त्याच मांडीवर येतं ना!

पाठीच्या या भागात बारा मणके, प्रत्येकाला बरगड्या जोडलेल्या. त्यामुळे तो मुळातच ताठ. तासन्‌तास पुढे झुकलं की तो आणखी आखडतो, छातीचे स्नायू आखूड होतात आणि पात्यांमधले स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. त्यात साडेचार-पाच किलोचं डोकं पुढे लोंबतं. म्हणून दुखतं तिथे बाम कितीही चोळला तरी आराम रात्रीपुरताच.

आधी बैठक बदला. बुडाखाली तीन-चार इंच उंचीचा पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली जातात आणि कंबर आपोआप सरळ होते. पाठ भिंतीला, कमरेमागे घडी घातलेली चादर. सुपाखाली उशी घालून ते पाच-सहा इंच वर आणा. फार वर नेलंत तर खांदे कानाकडे चढतील आणि मान धरेल. कोपर अंगालगत राहिलं पाहिजे, ही खूण. दर शंभर विड्यांनंतर उठा, मिनिटभर चाला. हिशेब बुडतो म्हणाल, पण पाणी प्यायला उठताच की.

आता व्यायाम. टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करा. सतरंजीवर उताणं झोपून, गुडघे दुमडून, ती पात्यांच्या खालच्या टोकाशी आडवी ठेवा. हातांनी मानेला आधार द्या आणि श्वास सोडत वरचं अंग गुंडाळीवरून हळू मागे सोडा. पाच श्वास. मग गुंडाळी दोन बोटं वर सरकवून पुन्हा; अशा तीन जागा, रोज. इथे बहुतेक जण कंबर उचलतात आणि पाठ तशीच ताठ राहते. बूड जमिनीला टेकलेलं हवं. वय झालेलं असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर हा प्रकार नको.

दुसरा व्यायाम ताकदीचा, एक दिवसाआड. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजात अडकवा, दोन्ही टोकं धरून कोपरं मागे ओढा, पाती एकमेकींकडे आणून तीन सेकंद थांबा. दहा वेळा, असं तीनदा. पहिले चार दिवस अंग दुखेल, ते चालतं. चमक मारली तर थांबा. फरक पडायला सहा आठवडे धरा.

वर पाहिलं किंवा मान वळवली की कळ पात्यांमध्ये उतरते का, ते तपासा. उतरत असेल तर मूळ मानेत असू शकतं. मग फिजिओथेरपिस्टला दाखवा.

उसण म्हणून पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणं, पोराला पाठीवर उभं करणं, हे बंद. बरगडीच्या सांध्याला इजा होते आणि हाड ठिसूळ असेल तर मणकाही दबू शकतो. उपाशीपोटी किंवा पुन्हा पुन्हा दुखण्याची गोळी तर नकोच. जठर आणि मूत्रपिंड दोन्ही त्याची किंमत मोजतात.

काही दुखण्यांत मात्र व्यायाम करत बसू नका. छातीत दडपण, घाम, धाप असेल तर थेट दवाखाना. तेलकट खाल्ल्यावर उजव्या पात्याखाली दुखत असेल तर पित्ताशय तपासा. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन पुरळ आलं तर ती नागीण, पहिल्या तीन दिवसांत औषध हवं. पायांत मुंग्या, पाय लटपटणं, लघवीवर ताबा नसणं याला त्याच दिवशी डॉक्टर.

आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं असं असेल तर मणक्याचा टीबी मनात ठेवा. तो पाठीच्या याच भागात बऱ्याचदा होतो आणि सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआय लागतो. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.